बरकतीची चिमूट

मी एक जुना पितळी तराजू आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माणूस या प्राण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तुम्ही माणसांचे चेहरे बघता, म्हणून तुम्हाला ती आवडतात. माझ्यासमोर साठ वर्षं नुसते हात येत आहेत, आणि हातांना गप्प बसता येत नाही.

माझा जन्म फय्यूम शहरातल्या तांबट आळीत झाला. वहबा नावाच्या कारागिराने मला घडवलं. माझी दांडी घासायला त्याला तीन दिवस लागले. घासताना तो कुणाशी बोलत नसे, समोरचा चहासुद्धा गार होऊ देई. चौथ्या दिवशी त्याने माझ्या एका पारड्यात खर्नूबाची एकच बी टाकली. खर्नूब म्हणजे एक गोड शेंग. तिच्या बिया जवळजवळ सारख्या वजनाच्या असतात, म्हणून आमच्याकडचे जुने लोक केशर त्या बियांवर तोलत. पारडं हललं. वहबा म्हणाला, "झालं. आता तू आणि तुझं नशीब." आयुष्यात मला भेटलेला शहाणा माणूस हा एवढाच, आणि त्याने मला दुसऱ्याच दिवशी विकून टाकलं.

मला नेलं अब्दुत्तव्वाब अत्ताराने. त्याचं औषधी झाडपाल्याचं दुकान कालव्याला लागून होतं. बाहेर पाण्याची लाकडी चाकं दिवसभर कण्हत आणि आत गिऱ्हाइकं कण्हत. कुणाचं पोट, कुणाचा खोकला, कुणाची सून. सुनेवर औषध नव्हतं, तरी सासवा बडीशेप घेऊन जात. अब्दुत्तव्वाब सगळ्यांचं ऐकून घेई, मान हलवी आणि पुडी बांधी. माणूस भला होता. भल्या माणसांचा त्रास मला सगळ्यात जास्त झाला आहे.

आता ऐका. माझा काटा मधोमध उभा राहिला, म्हणजे काम संपलं. त्यापुढे करण्यासारखं काही उरत नाही. पण आमच्या लोकांचं काम तिथून पुढे सुरू होतं. अब्दुत्तव्वाब काटा मधोमध आणायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि मग तीन बोटं बरणीत बुडवून एक चिमूट वर टाकायचा. "ही बरकत!" पारडं धपकन खाली. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. अरे, मग मला टांगलं कशाला? शोभेला?

आणि ती चिमूट एखाद्या दिवशी पडली नाही, तर बायका दारातच उभ्या राहत. "काय अब्दुत्तव्वाब, बरकतीला घरी कुलूप घातलंय का बायकोने?" मग तो हसून दोन चिमट्या टाकायचा. म्हणजे माझा न्याय कुणालाच नको होता. न्याय झाल्यावर वर जे पडतं, ते हवं होतं. अशा लोकांपुढे मी रोज दहा तास ताठ उभा राहिलो.

अब्दुत्तव्वाबला एकच मुलगी, इन्शिराह. सातव्या वर्षापासून ती गोणीवर बसून बापाचं बघून तोलायला शिकली. बापाचा हात जसा जाई, तसा तिचा जाई. लोक कौतुक करत. मला कसलं कौतुक? एका हाताचे दोन झाले, माझ्या डोक्याला दुप्पट ताप.

या दुकानात एकच वस्तू अशी होती, की जिच्यापुढे मीसुद्धा नाक मुरडत नसे. अब्दुत्तव्वाबचा बाबूना. पांढऱ्या पाकळ्यांचं, मधे पिवळी घुंडी असलेलं ते बारीकसं फूल तुम्ही पाहिलं असेल. पोट दुखलं, झोप लागेना, तान्हं बाळ रडतंय, की आमच्याकडे बाबूनाचा काढा. बाबूना गल्लोगल्ली मिळतो. पण अब्दुत्तव्वाबच्या बियाण्याच्या फुलांचा अर्क काढला, की तो दौतीतल्या शाईसारखा निळा उतरे. इतर कुणाचा फिकट पाणचट निघे. हे बी त्याच्या आजोबांपासून घरात होतं. दर वर्षी तो चांगली फुलं बियाण्याला राखी, आणि ते बी बाहेर देत नसे. जिऱ्याची चिमूट साऱ्या गावाला, बाबूनाचं बी कुणाला नाही.

तो गेला तेव्हा दुकान पुतण्यांनी घेतलं. आता तिथे मोबाइलची रंगीत कव्हरं टांगलेली असतात. पुतण्यांपैकी एकाला जिरं आणि शोप यांतला फरक कळत नाही, आणि दुसऱ्याला कळतो पण सांगता येत नाही. इन्शिराहने भांडण केलं नाही. तिने मला उचललं, खर्नूबाच्या बियांची डबी उचलली, बाबूनाच्या बियाण्याचा डबा उचलला, आणि आईला, म्हणजे रतीबाला, घेऊन आजोळच्या वस्तीवर आली. तिथे तिने रोपवाटिका सुरू केली. मरवा, तुळस, झेंडूसारखी दिसणारी औषधी फुलं, आणि बाबूना. वस्तीतले शेतकरी तिच्याकडून रोपं नेऊ लागले. सोबतीला कुरनीकाका होताच. हा अब्दुत्तव्वाबचा धाकटा भाऊ. पुतण्यांशी पटेना म्हणून इकडे आलेला. काम शून्य, सल्ला अखंड.

मी रोपवाटिकेच्या पडवीत खिळ्याला लटकलो. बी तोलायला, खत तोलायला. इन्शिराह मला महिन्यातून एकदा लिंबाने घासायची, हे कबूल करतो. बाकी वस्तीतली माणसं मला धक्का देऊन "हलतोय, हलतोय" म्हणत हसायची. तराजू हलणारच. न हलणारा दगड असतो.

मग ते वर्ष आलं.

त्या उन्हाळ्यात छपरावरच्या खोलीत ठेवलेला बियाण्याचा डबा तापला. इन्शिराहने ओल्या फडक्यावर शंभर बिया उगवून पाहिल्या, तर वीससुद्धा कोंब आले नाहीत. दुसरा साठा नव्हता. "पुढच्या वर्षी यातलं एकही उगवायचं नाही," ती आईला म्हणाली. "आहे नाही ते सगळं यंदाच पेरायचं. जे जगेल त्यातून पुन्हा बी धरायचं." म्हणजे पणजोबा, आजोबा, बाप, त्यांची शंभरेक वर्षं, सगळं त्या चार वाफ्यांत आलं. डबा रिकामा झाला. तिने तो उलटा करून ठोकून पाहिला.

कोंब आले, पण विरळ आणि मंद. आमच्याकडे कालव्याचं पाणी पाळीने मिळतं. ज्याची पाळी ज्या वारी ज्या तासाला, तेव्हाच त्याने शेत भिजवायचं. लावणीच्या पाळ्या जवळ आल्या, आणि रोपं अजून नखाएवढी. कुंपणापाशी शेतकरी येऊन उभे राहू लागले.

"काय इन्शिराह, रोपं आहेत का दाढीची खुंटं?"

"माझी पाळी मंगळवारी आहे गं. मंगळवारी काय लावू, तुझ्या काकाच्या गप्पा?"

कुरनीकाकाचं निदान तयार होतं. "दृष्ट लागलीय. निळा मणी बांध." त्याने स्वतःच एक मणी आणून कुंपणाला बांधला आणि दिवसभराचं काम झाल्यासारखा खाटेवर पडला.

अशा वेळी आला इंजिनिअर बद्रान. आमच्याकडे शेतकी शिकलेल्यालाही इंजिनिअर म्हणतात. पूल पडला तर निदान कळतं तरी, यांचं काय पडतं ते कळतच नाही. शर्टाच्या खिशात चार पेनं, त्यातलं एक चालू. मोटारसायकलवरून औषधं, खतं विकत फिरायचा. त्याने वाफे पाहिले आणि खिशातून एक छोटी पुडी काढली.

"हे वाढीचं संजीवक. जिबरेलिन. झाडाच्या अंगात असतंच, आपण बाहेरून थोडं द्यायचं. आठवड्यात रोपं लावणीला येतील."

संजीवक! नाव तरी बघा. मागे एकदा हाच बद्रान सांगत होता, की भाताला एक रोग पडायचा, त्यात रोपं ताडमाड वाढून कोलमडायची, आणि त्या रोगाच्या बुरशीतूनच हे सापडलं. म्हणजे रोगाला शाळेत घालून औषध केलं. पण मी काय बोलणार? मला विचारतं कोण?

इन्शिराहने मात्र विचारलं. "किती द्यायचं?"

"वीस लिटरच्या फवारणी पंपाला एक ग्रॅम. एक म्हणजे एक, बाई. लोक मला मागून शिव्या देतात, म्हणून तीनदा सांगतो. एक. एक. एक. आणि ही पूड पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये घोळायची."

"स्पिरिट?" कुरनीकाका खाटेवरून ताडकन उठला. त्या महिन्यातली ती त्याची सगळ्यात मोठी हालचाल. "माझ्या भावाच्या बाबूनाला दारू पाजणार?"

"दारू नाही हो काका. दवाखान्यातलं, इंजेक्शनच्या आधी लावतात ते."

"म्हणजे दवाखान्यातली दारू. उद्या काढा पिऊन आमच्या म्हाताऱ्या झिंगत घरी जातील, ते तू निस्तरणार का?"

"उडून जातं ते, काका."

"म्हाताऱ्याही जातील."

रतीबा हसून हसून ओढणीने डोळे पुसू लागली. इन्शिराह हसली नाही. ती चार वाफ्यांकडे बघत होती. तिने पुडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला खिळ्यावरून काढलं, पारडी धुतली, कोरड्या फडक्याने पुसली, पडवीच्या आढ्याला बांधलं. डबीतून खर्नूबाच्या पाच बिया मोजून एका पारड्यात ठेवल्या. पाच बिया म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. हे तिला बापाने शिकवलेलं. मी खरंच सुखावलो. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला माझ्या लायकीचं काम देत होतं. रोज खत आणि कांदे तोलून तोलून माझी दांडी जड झाली होती.

रतीबा जवळ आली. "चिमूट टाक हो वरून. तुझे बाबा असते तर टाकली असती. बरकतीशिवाय काय उगवायचंय?"

"आई, हे जिरं नाही. एक म्हणजे एक. तू खाटेवर बस बघू."

"मी मेलीने काय सांगितलं एवढं? एक चिमूट तर!"

"चिमूटभरसुद्धा नाही. आणि काका, तुम्ही बाहेर जा. तुमच्या हाताचा मला भरवसा नाही."

"माझा हात?" कुरनीकाका म्हणाला. "मी काही केलंय का आजवर?"

"नाही केलं, तेच पुरे. जा."

तो गेला. रतीबा तोंड फुगवून बसली. इन्शिराहने सुरीच्या टोकाने दुसऱ्या पारड्यात थोडी थोडी पूड टाकली. श्वाससुद्धा धरून ठेवला. काटा थरथरला, सरकला, आणि मधोमध उभा राहिला. मित्रांनो, वहबाच्या हातून सुटल्यापासून इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं.

तिने मान वर करून पंपाकडे पाहिलं, पाणी किती भरलंय ते. आणि तिची तीन बोटं पुडीत गेली, बाहेर आली, आणि पारड्यावर एक चिमूट सोडून मोकळी झाली. ओठांतून ती पुटपुटलीसुद्धा, "बरकत." नजर पंपावरच होती. माझं पारडं जे खाली गेलं, ते साखळीचा ताण संपेपर्यंत गेलं. तिने न बघता ते उचललं आणि स्पिरिटच्या वाटीत रिकामं केलं.

मी खणकलो. पितळाला एवढंच येतं. "वाजू नकोस रे," ती मलाच म्हणाली. चार वाफे, चार पंप. चार वेळा काटा मधोमध आला, चार वेळा बोटं गेली, चार वेळा "बरकत". आईला चूप बसवून, काकाला हाकलून, हे! परक्याच्या हातावर पहारा ठेवायचा आणि आपला हात मोकाट सोडायचा, ही माणसाची जुनीच खोड. अति तिथे माती म्हणतात, आणि इथे तर ती माती वाफ्यांत तयारच होती.

तिसऱ्या दिवशी रोपं बोटभर वर आली. चौथ्या दिवशी दोन बोटं. वस्ती लोटली बघायला. "माशाल्ला, माशाल्ला! इन्शिराह, तुझ्या हाताला गुण आहे!" हो, होता ना हाताला गुण. कुरनीकाका येईल त्याला सांगत होता, की मणी त्यानेच बांधला. चौथ्या वाफ्याच्या एका कोपऱ्यातली काही रोपं तेवढी अजून बुटकी होती. तिथपर्यंत पोचेतो पंपातलं पाणी संपलं होतं. लोकांनी त्यांना नावं ठेवली. "ही बघ, आळशी. कुरनीकाकावर गेलीत."

सहाव्या दिवशी इन्शिराहचा चेहरा उतरला. रोपं वीतभर झाली होती, पण दोऱ्यासारखी बारीक. रंग हिरवा राहिला नव्हता, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा पिवळट पडला होता. पानांमध्ये अंतर पडलं होतं. तिने एक रोप अलगद उपटलं. वर वीत, खाली मूळ अर्ध्या नखाचं. सगळं बळ उंच होण्यात गेलं होतं. अशी माणसंही मी पुष्कळ तोलली आहेत, पण ते असो.

नवव्या दिवशी तळ्याकडून वारा आला. वादळ नव्हे, साधा वारा, कपडे वाळवणारा. तेवढ्याने चारही वाफे आडवे झाले. कुणीतरी तळहात फिरवून निजवल्यासारखे. इन्शिराह वाफ्यांच्या मधे उभी राहिली. मग खाली बसली आणि एकेक रोप हाताने उभं करू लागली. उभं केलेलं पुन्हा पडे. ती पुन्हा उभं करी. रतीबाने तिला खांद्याला धरून उठवलं.

मग बद्रानला फोन. ती काय काय बोलली ते मी सांगत नाही, मुलं ऐकत आहेत. त्याचा आवाज मला पडवीत ऐकू येत होता. "बाई, एक ग्रॅमने असं होत नाही! जास्त पडलंय! दुप्पट पडलंय!"

"मी माझ्या हाताने तोललंय! चारही वेळा काटा मधोमध होता!"

"मग तराजू खोटा असेल. जुनं पितळ, त्याचा काय भरवसा?"

ती माझ्याकडे वळली. मित्रांनो, ती नजर मी विसरणार नाही. लहानपणी जिची बोटं माझ्या साखळीत अडकायची, त्या मुलीने मला खिळ्यावरून ओरबाडून काढलं. "तू मारलंस," ती म्हणाली. "बाबांचं बी तू मारलंस." आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याकडे भिरकावलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! माझी दांडी कांद्याच्या गोणीखाली गेली. एका पारड्यात कुरनीकाकाने कोंबड्यांना कोंडा घातला. मी केशर तोललेला तराजू, माझ्यात कोंबड्यांनी चोची मारल्या. पण खरं सांगू? त्या कोंबड्यांनी काही वर टाकलं नाही. होतं तेवढं खाल्लं आणि गेल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी बद्रान आला. त्यालाही झोप नसावी. त्याचं नाव वस्तीत खराब झालं होतं, कुंपणाशी लोक जमले होते, आणि त्याने खिशातून एक चपटा, बॅटरीवर चालणारा काटा काढला होता. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. आकडे दाखवतो, पण हलत नाही.

"तो तराजू आणा बरं," तो म्हणाला.

रतीबाने कोंबड्या हाकलल्या, पारडं धुतलं, कांद्याखालून दांडी ओढली. मला पुन्हा आढ्याला बांधलं. बद्रानने खर्नूबाच्या पाच बिया आधी आपल्या काट्यावर ठेवल्या. जवळजवळ एक ग्रॅम. मग त्या माझ्या एका पारड्यात ठेवल्या, आणि दुसऱ्यात आपलं एक ग्रॅमचं वजन. काटा मधोमध. बद्रान खाली वाकून बराच वेळ बघत राहिला.

"तराजू खरा आहे," तो म्हणाला.

त्याला कुणी विचारलं होतं का? खरा आहे म्हणे! साठ वर्षं खरा आहे, याला आज कळलं.

"मग तुझी पूड खोटी," इन्शिराह म्हणाली.

"तीच पूड मी आणखी नऊ जणांना दिलीय, बाई. त्यांची रोपं उभी आहेत." तो जरा नरमला. "असं करा. कणीक आणा. तुम्ही त्या दिवशी कसं तोललंत, तसंच आता तोला. मी फक्त बघतो."

रतीबाने वाटीत कणीक आणली. इन्शिराहने रागारागाने बाह्या सारल्या. पाच बिया एका पारड्यात. दुसऱ्यात सुरीच्या टोकाने कणीक, थोडी थोडी. काटा थरथरला, सरकला, मधोमध आला. "हे बघ!" तिने मान वर करून बद्रानकडे पाहिलं. "दिसतंय का?" आणि ती त्याच्याकडे बघत असतानाच तिची तीन बोटं कणकेच्या वाटीत गेली आणि एक चिमूट पारड्यात पडली.

"बरकत," कुंपणापाशी एक म्हातारी सवयीने म्हणाली.

पारडं खाली लोंबत होतं. इन्शिराहने आधी बद्रानच्या तोंडाकडे पाहिलं, मग पारड्याकडे, मग आपल्या बोटांकडे. त्यांना कणीक लागली होती. बद्रानने ती कणीक आपल्या काट्यावर ओतली नाही. त्याच्यात तेवढी तरी माणुसकी होती.

"हा तुझ्या बाबांचा हात आहे गं," रतीबा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "अगदी अस्साच जायचा."

इन्शिराह मटकन गोणीवर बसली. "बाबांनी मला दोनच गोष्टी दिल्या," ती म्हणाली. "बी आणि हात." कुंपणाजवळची माणसं "नशीब", "नशीब" करू लागली. हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त आहे, कुठेही चिमूटभर टाकतात. "नशीब नाही," ती ओरडली. "मी केलं. मी! जा तुम्ही सगळे." पळाले सगळे. मित्रांनो, तिने मला ओरबाडलं होतं, भिरकावलं होतं, तरी त्या एका वाक्यासाठी मी तिला माफ केलं. साठ वर्षांत "मी केलं" म्हणणारं दुसरं कुणी माझ्यासमोर आलेलं नाही.

बद्रान गेला नाही. शेतकऱ्यांना दुसरीकडून साधा बाबूना आणून द्यायचं त्याने कबूल केलं, आणि मग गुडघ्यांवर बसून वाफे चाळू लागला. आडव्या रोपांना आता उपाय नव्हता. चौथ्या वाफ्याच्या कोपऱ्यात तो थबकला. "ही कसली?"

"ती आळशी," कुरनीकाका म्हणाला. "माझ्यावर गेलेली."

बुटकी, हिरवीगार, जाड देठाची अकरा रोपं. सगळ्यांनी हसून सोडलेली. उडता फवारा थोडा त्यांनाही लागला होता, पण मुळं धरून होती. इन्शिराहने ती अकरा रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलून घराच्या भिंतीला लावली. चार मेली. सात राहिली. दुसऱ्यांच्या बाबूनाचे परागकण येऊ नयेत म्हणून तिने रतीबाची पातळ ओढणी त्यांच्यावर मांडवासारखी बांधली, आणि फुलं आल्यावर मऊ कुंचल्याने एका फुलावरचे कण दुसऱ्यावर नेऊन लावले. कुरनीकाका तेवढे दिवस भिंतीपाशी खाट टाकून कोंबड्या हाकलत बसला. काम केलं त्याने, लिहून ठेवा.

उन्हाचा तडाखा वाढण्याआधी फुलं वाळली. घुंड्या लहान होत्या. तिने त्या काळ्या कापडावर चुरल्या आणि हलकेच फुंकर मारली. पोकळ होतं ते उडून गेलं. पुष्कळ पोकळ होतं. कापडावर जे उरलं, ते धुळीसारखं दिसत होतं.

"तोल तरी," रतीबा म्हणाली. "किती आहे ते कळू दे."

इन्शिराहने मला आणलं. एका पारड्यात खर्नूबाची एकच बी ठेवली आणि दुसऱ्यात ते सगळं झटकून घेतलं. खर्नूबाचं पारडं जे बसलं होतं, ते बसूनच राहिलं. तिने ती बी काढून घेतली. काटा मधोमध येऊन उभा राहिला. एका पारड्यात काही नाही, दुसऱ्यात ते बी, आणि काटा मधोमध. मी जोर लावला, मित्रांनो. साखळ्या ताणल्या. पण काटा जागचा ढळला नाही.

"काही नाही यात," कुरनीकाका हळूच म्हणाला. "दोन्ही पारडी सारखी आहेत, पोरी."

"आहे, काका," इन्शिराह म्हणाली. "त्याला कळत नाहीये एवढंच."

मी खाली बघितलं. तराजूला खाली बघता येत नाही म्हणता? येतं.

मग त्या दोघी मायलेकी सुई घेऊन बसल्या आणि सुईच्या टोकाने एकेक बी बाजूला सारत मोजू लागल्या. दुपार झाली, मुळूखियाची पालेभाजी गार झाली, चहा दोनदा गार झाला. तीनशे चौदा. इन्शिराहने कागदाची पुडी केली, वर बापाचं नाव लिहिलं, आणि ती छपरावर नाही, पाण्याच्या माठामागे गारव्याला ठेवली.

मित्रांनो, या ठिकाणी म्हाताऱ्या वस्तूंनी तुम्हाला हात जोडून विनवायचं असतं, की आम्हाला अडगळीत टाकू नका, घासूनपुसून ठेवा. मी विनवणार नाही. घासलंत काय, न घासलंत काय, तुम्ही काटा मधोमध आल्यावर हात घालणारच. एकच सांगतो. मी ज्याला "काही नाही" म्हणतो, ते लगेच झाडून टाकू नका. आधी सुई घेऊन बसा.

पाऊस आमच्याकडे पडत नाही, पण पेरणीचे दिवस येतात. पुढच्या पेरणीला इन्शिराहने नमाजाच्या चटईएवढा एकच वाफा केला. त्यावर कुठलीही पूड टाकली नाही, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी ती पडवीत धावत आली आणि आईला हाका मारू लागली. उगवली होती. किती, ते मला विचारू नका. त्यातलं मला काही कळत नाही.